हललेल्या खुंट्या

आईच्या वाट्याची जमीन आम्हा दोघा भावंडांच्या नावावर चढली, तेव्हा दादाला तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या आणि मला झाडं लावायची होती. बोर्ली पंचतनच्या पुढे श्रीवर्धनकडे जाताना एक फाटा आत वळतो. त्या गावाच्या टोकाला डोंगर खाली येतो, आणि त्या उतारावरचा एक तुकडा आमचा. वर जांभ्या दगडाचा उघडा सडा, मध्ये आंबा, काजू आणि बरंचसं रान, अगदी पायथ्याशी मामीचं घर आणि तिची सुपारीची बाग. मामा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी म्हसळ्याला दिलेली. मामी एकटीच राहायची. सोबतीला एक गाय, काही कोंबड्या आणि दिवसभर मोठ्या आवाजात चालणारा टीव्ही.

मी पनवेलच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. एका सुटीत पर्माकल्चरच्या, म्हणजे निसर्गाच्या कलाने शेती करायच्या, शिबिराला गेले होते. तिथलं बरंचसं विसरले, पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. जमिनीला हात लावायच्या आधी तिला सगळ्या ऋतूंमधून बघून घ्यायचं. ऊन कुठे किती वेळ थांबतं, वारा कुठल्या अंगाने येतो, पाणी कुठून येतं, कुठे रेंगाळतं आणि कुठून निघून जातं. माती कशी आहे, पूर्वी तिथे काय होतं. हे सगळं कागदावर आल्याशिवाय आराखड्याची रेघ ओढायची नाही.

दादाचा टेंपोचा धंदा आहे. थांबणं हा प्रकारच त्याला माहीत नाही. "वर्षभर नुसतं बघत बसायचं?" तो म्हणाला. "माझा एखादा ड्रायव्हर असा बघत बसला तर दुसऱ्या दिवशी त्याला घरी पाठवीन." तरी तो तयार झाला. मामीकडे जायला त्यालाही निमित्त हवंच असायचं.

हिवाळ्यात आम्ही पहिल्यांदा गेलो. मग जमेल तसं महिन्या-दीड महिन्यातून जात राहिलो. दादा खाली ओटीवर मामीशी गप्पा मारायचा आणि मी चित्रांची वही घेऊन उतारावर जागा बदलत बसायचे. समुद्र तिथून दिसत नाही, पण त्याचा वारा येतो. पश्चिमेकडच्या काजूंची पानं एकाच बाजूला करपलेली होती, ती मी रंगवली. वरच्या सड्यावर दुपारी पाय ठेवता यायचा नाही. मधल्या टप्प्यात चक्रीवादळात उन्मळून पडलेल्या मोठ्या आंब्यांचे खड्डे होते. लाकूड कधीच विकून झालं होतं. बुंधे कुजून गेले होते, त्यांत वाळवी लागली होती, आणि खड्ड्यांत वाळक्या पानांचे ढीग साठले होते. खाली पायथ्याला रस्ता रुंद करताना यंत्राने उताराची कड खरवस कापावा तशी सरळ उभी कापली होती. मामीला त्या रस्त्याचं कौतुक होतं. रिक्षा आता थेट तिच्या अंगणात यायची.

मी वेगवेगळ्या ठिकाणची माती काचेच्या बरण्यांत घेऊन, पाणी घालून, हलवून ओटीच्या कठड्यावर ओळीने ठेवली. माती थरांनी खाली बसते, मग कुठला भाग किती ते कळतं. मामी त्या बरण्या बघून म्हणाली, "मातीचं लोनचं घालतेस काय गो बाय?"

मधल्या टप्प्यातल्या बरणीत वाळू जवळजवळ नव्हतीच. वर थोडा लाल थर आणि खाली पांढरट, बोटांना साबणासारखी लागणारी चिकणमाती. मी चित्राच्या कडेला लिहून ठेवलं, 'पाणी धरून ठेवते. छान.'

तेव्हा मला ते खरंच छान वाटलं होतं. मामीची विहीर वैशाखात तळाला जायची, बाग कशीबशी जगायची. उताराच्या मधोमध, आडवे, एका पातळीत चर खणायचे, म्हणजे पावसाचं पाणी पळून जाणार नाही, त्यांत अडेल, जिरेल आणि विहिरीला उतरेल, असं माझ्या मनाने घेतलं. शिबिरात असे चर आम्ही स्वतः खणले होते. ती जमीन मात्र जवळजवळ सपाट होती, हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही. मी निळ्या पेन्सिलीने उतारावर तीन आडव्या रेघा ओढल्या. मधली रेघ मामीच्या घराच्या बरोबर वर येत होती. मामीला चित्र दाखवलं तर ती खूश झाली. "विहिरीला पानी आलं तर तुझ्या तोंडात साखर," असं म्हणाली.

आषाढात पाऊस लागून राहिला. रोजच्या बातम्यांत इशारे येत होते. पनवेलला शाळांना सुटी दिली. जमिनीवर पाणी कसं चालतं ते बघायची हीच वेळ, म्हणून मी दादाच्या मागे लागले आणि आम्ही निघालो. वाटेत दोनदा थांबावं लागलं. पोचलो तेव्हा पाऊस थोडा उघडला होता.

मामीने दारातच आम्हाला धरलं. "आधी मागल्या दारी चला. तुमास्नी गंमत दावते."

स्वयंपाकघराच्या मागे, उताराच्या कापलेल्या कडेतून, मनगटाएवढी पाण्याची धार बाहेर पडत होती. खाली तिने कळशी ठेवली होती. शेजारी दगडावर हळदकुंकू आणि जास्वंदीचं फूल होतं.

"झरा फुटलाय," मामी म्हणाली. "माज्या लग्नापासनं हितं कदी पानी न्हवतं. तू चराचं नाव काढलंस आनि बग, देवाने आदीच दिलं."

पाणी गढूळ होतं, ताकासारखं पांढरट. मी हात धरला. बोटांवर साबणासारखी माती राहिली. मला काहीतरी खटकलं, पण मामीचा चेहरा इतका फुललेला होता की मी बोलले नाही. जेवताना तिने सांगितलं की स्वयंपाकघराचं दार हल्ली लागत नाही. पावसाने लाकूड फुगलं असेल म्हणून सुताराकडून एकदा तासून घेतलं, तरी परत अडकायला लागलं. दादा म्हणाला, "उद्या मी बघतो."

जेवून आम्ही वर गेलो. दादाने बरोबर गवंडी वापरतात ती पाण्याची लांब पारदर्शक नळी आणली होती. नळीच्या दोन टोकांना पाणी एकाच पातळीला राहतं, त्यावरून उतारावर एका उंचीच्या जागा शोधायच्या आणि तिथे खुंट्या ठोकायच्या. मधल्या रेघेसाठी आम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूच्या खुंट्या ठोकल्या. हे काम होत असताना परत सर आली. आम्ही एका काजूखाली छत्र्या धरून उभे राहिलो. समोर एका जुन्या आंब्याचा खड्डा होता. वरून येणारं सगळं पाणी त्या खड्ड्यात जात होतं, घागरीने ओतावं तसं. मी बघत राहिले. सर जोराची होती आणि बराच वेळ चालली. खड्डा भरला नाही. त्यात तळाशी हातभरसुद्धा पाणी साठलं नाही.

"जातंय कुठे हे?" मी विचारलं.

"जिरतंय," दादा म्हणाला. "तुला तेच पाहिजे ना?"

मलाही तेच हवं होतं, म्हणून मी गप्प बसले. पण पाणी जिरताना असं जात नाही. जिरताना ते आधी साठतं, मग हळूहळू कमी होतं. हे एखाद्या पाइपात गेल्यासारखं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुंट्यांचं चित्र काढायला वर गेले. दादा मागून आला. खुंट्यांच्या डोक्यांवरून नजर लावली तर ओळ वाकडी दिसली. दोन्ही टोकांच्या खुंट्या ठीक होत्या, पण मधल्या खाली गेल्या होत्या. मला वाटलं, आपणच काल चुकलो. दादाला वाटलं, मी चुकले.

"नळीत बुडबुडा राहिला असणार तुझ्याकडून," तो म्हणाला.

"बुडबुडा असता तर सगळीच रेघ चुकली असती."

आम्ही परत नळी लावली. खुंट्यांना हात न लावता फक्त पातळी तपासली. टोकाच्या खुंट्या बरोबर एका पातळीत होत्या. मधल्या सगळ्या वीतभर खाली. दादाने नळी झटकली, उलटी केली, पाणी बदललं आणि पुन्हा लावली. तेच आलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. खुंटी आपण होऊन खाली जात नाही. ज्या जमिनीत ती ठोकलीय ती जमीन गेली तरच ती जाते.

मी खुंट्यांच्या वरच्या अंगाला चढायला लागले. गवत आणि तेरडा कमरेएवढा वाढला होता. पाच-सहा पावलं गेले असेन, आणि माझा उजवा पाय गेला. गवताखाली काही नव्हतंच. मी मांडीपर्यंत आत गेले आणि हात टेकून तशीच राहिले. खाली पायाला तळ लागत नव्हता. पायाला गार हवा लागत होती, आणि खोल कुठेतरी पाण्याचा आवाज होता.

दादाने मला काखेत धरून ओढून काढलं. मग आम्ही काठीने गवत बाजूला केलं. जमिनीला भेग पडली होती. कुठे हात जाईल एवढी, कुठे माणूस आडवा मावेल एवढी. आम्ही तिच्या कडेकडेने गवत दाबत चालत गेलो. ती संपेचना. एका काजूच्या बुंध्यापासून निघून वर चढत, एकामागोमाग एक आंब्यांच्या खड्ड्यांतून जात, पलीकडे उतरून ती पार हद्दीच्या गडग्यापर्यंत गेली होती. गडग्याचा तो दगडी बांध मधूनच तुटून त्याचा खालचा भाग बाजूला सरकला होता. वरून पाहिलं असतं तर विळ्यासारखा आकार दिसला असता. विळ्याच्या पोटात आमच्या मधल्या खुंट्या, मामीची अर्धी बाग आणि त्याखाली मामीचं घर.

मी मटकन खाली बसले. बसल्यावर लक्षात आलं की बसले तीही भेगेच्या खालच्या बाजूला. तशीच उठून वर गेले.

त्या वेळी मला भीती वाटली असं म्हणता येणार नाही. भीती वाटायला समोर काहीतरी घडावं लागतं. इथे सगळं शांत होतं. पक्षी बोलत होते, खालून मामीच्या टीव्हीचा आवाज येत होता. मी इतके महिने जी जमीन बघत होते, जिची चित्रं काढत होते, ती अख्खीच्या अख्खी सुटून निघाली होती आणि चेहऱ्यावर काही दाखवत नव्हती. बरणीतली पांढरी माती, खड्ड्यात नाहीसं होणारं पाणी, मामीचा झरा, न लागणारं दार, हे सगळं एकदम एका जागी येऊन उभं राहिलं. आणि माझी निळी रेघ. डोंगराला जिथे पाणी सोसत नव्हतं, नेमकं तिथेच मी आणखी पाणी अडवून आत सोडणार होते. वर्षभर बघायचं ठरवूनही घाई करून मी ज्येष्ठातच चर खणायला माणसं सांगितली होती; पाऊस लवकर लागला म्हणूनच ते राहिलं.

दादाला एवढ्यावर पटत नव्हतं. "पावसात भेगा पडतात गं," तो म्हणत होता, पण त्याचा आवाज बसला होता. मी भेगेच्या वर एक खुंटी ठोकली, खाली एक ठोकली, आणि दोन्हींमध्ये सुतळी सैल बांधली, अगदी झोळासारखी लोंबती. "दुपारी येऊन बघू," म्हटलं.

दुपारी आलो तर सुतळी सतारीच्या तारेसारखी ताणलेली होती. वरची खुंटी खालच्या बाजूला वाकली होती. दादाने सुतळीला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं. मग तो घाईघाईने उतरायला लागला.

मामी मानेना.

"ह्या घरात मी सून म्हनून आले. वादळात कौलं उडाली तवा बी मी हितंच व्हते, पलंगाखाली. डोंगर कुटं चालतो व्हय?"

"मामी, खरंच चालतोय," मी म्हटलं. "आम्ही मोजलं."

"तुमी मोजा. मी गाईचं बगते."

दादाने आधी समजावलं, मग चढा आवाज केला, मग पाया पडला. ती टीव्हीचा आवाज वाढवून बसली. तेवढ्यात आम्ही बोलावलेले पोलीस पाटील आले. दादा त्यांना घेऊन वर गेला. ते परत आले. त्यांनी अंगणातूनच दोन-चार फोन केले आणि रस्ता बंद करायला माणसं बोलावली. पलीकडचं घर मुंबईवाल्यांचं, गणपतीपुरतं उघडणारं. ते रिकामंच होतं. म्हणजे त्या विळ्याच्या पोटाखाली माणूस असं एकटी मामीच.

पाटलांचंही तिने ऐकलं नाही. शेवटी मी म्हटलं, "मामी, चल वर. तू स्वतः बघ. बघून म्हणालीस की राहायचं, तर आम्ही काही बोलणार नाही."

तिचे गुडघे दुखतात. दादाने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. मध्ये मध्ये थांबत आम्ही तिला बाजूच्या पायवाटेने वर नेलं. मी तिला भेगेच्या त्या टोकाला नेलं जिथे मामाने लावलेला फणस होता. भेग फणसाच्या अगदी वरून गेली होती. झाड खालच्या तुकड्यावर उभं होतं आणि त्याची मुळं वरच्या तुकड्यात गेलेली. मधल्या पोकळीवरून ती मुळं नुसती ताणलेली होती, दावणीला बांधलेल्या जनावराच्या दाव्यांसारखी. काही तुटून त्यांची टोकं लोंबत होती. ती आतून पांढरी होती, ओली. आम्ही तिथे असतानाच एक मूळ तुटलं. आवाज फार मोठा नव्हता. वाळकी फांदी मोडावी तेवढाच.

मामी त्या मुळाकडे बघत राहिली. तिने पदर तोंडाशी नेला. म्हणाली, "हा त्यांनी म्हसळ्याच्या बाजारातनं आनला व्हता. टोपलीत घालून, चालत."

मग म्हणाली, "चला. गाईला सोडते."

उजेड असेपर्यंत जमेल तेवढं सामान दादाच्या गाडीत भरलं. गाय पाटलांच्या गोठ्यात बांधली. कोंबड्या टोपलीखाली झाकून नेल्या. मामीला घेऊन आम्ही म्हसळ्याला मुलीकडे गेलो. तिच्या हातात देव्हाऱ्यातले देव आणि टीव्हीचा रिमोट होता. टीव्ही आणायचा राहिला होता, रिमोट तेवढा चुकून हातात आला होता.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. इतक्या दिवसांनी असं स्वच्छ, पिवळं ऊन की मुलीच्या घरी सगळ्यांनी कपडे वाळत घातले. मला आपण उगाच घाबरवलं असं वाटायला लागलं. मामी तर तसं बोलूनही दाखवत होती. तिची एक तक्रार चालू होती. खुडूक बसलेली कोंबडी राहिली, पडवीतल्या टोपल्यात, अंड्यांवर. सगळ्या आणल्या आणि तीच राहिली. उपाशी मरेल. दादा एकदा म्हणाला, "मामी, कोंबडीसाठी आता तिकडे जायचं?" ती म्हणाली, "मी कुटं म्हनते जा." आणि पुन्हा थोड्या वेळाने कोंबडीचंच.

दुपारी जेवणं झाल्यावर दादा दिसेना. गाडीही नव्हती. फोन लागत नव्हता. मला कळायचं ते कळलं. जावयाची मोटारसायकल होती, तो मला मागे बसवून निघाला. मी त्याला जोरात चालव असंही म्हटलं नाही.

गावाच्या अलीकडे लोक रस्त्यावर उभे होते. पुढे बघत होते. मी गर्दीतून वाट काढत गेले, आणि समोर जे दिसलं ते काय आहे हे मला आधी समजलंच नाही. मी ती जागा इतक्या वेळा कागदावर काढली होती की डोळे तेच शोधत होते. इथे घराचं कौलारू छप्पर, इथे विहिरीचा कठडा, मागे हिरवा उतार. तिथे काहीच नव्हतं. एक लाल-पांढरी ओली भिंत वरपासून खालपर्यंत होती, तिच्यातून ठिकठिकाणी पाणी वाहत होतं, आणि खाली रस्त्यावरून पलीकडच्या भातखाचरांपर्यंत चिखल पसरला होता. त्या चिखलात सुपारीची काही झाडं उभी होती. पडलेली नव्हती, उभीच. पण ती रस्त्याच्या पलीकडे होती. जागा सोडून, तशीच्या तशी, ती चालत तिथे गेली होती.

दादा पाटलांनी रस्ता अडवायला लावलेल्या पिंपांच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला बसलेला होता. अंगावर चिखलाचे शिंतोडे. काखेत कोंबडी होती. त्याने ती इतकी घट्ट धरली होती की तिची मान तेवढी हलत होती.

मी त्याच्यापुढे बसले. "दादा," म्हटलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, पण ओळख पटल्यासारखं दिसेना. मी त्याच्या काखेतून कोंबडी सोडवायला गेले तर तो सोडेना. जावई आणि मी मिळून त्याची बोटं एकेक करून उघडली.

तो बोलला ते संध्याकाळी, म्हसळ्याला, चहाचा कप हातात आल्यावर. तेही माझ्याशी नाही, कपाकडे बघत. पाटलांच्या माणसांची नजर चुकवून तो मागच्या बाजूने आत गेला होता. कोंबडी घेऊन अंगण ओलांडून रस्त्यावर आला. पिंपांपाशी पोचला असेल. पाठीमागे डंपरमधून खडी ओतावी तसा आवाज झाला. त्याला खरंच वाटलं की डंपर आला. वळून पाहिलं तर झाडं चालत होती.

"उभी होती गं," तो म्हणाला. "सगळी उभी. अशी हळू येत होती. मला वाटलं, मला चक्कर येतेय." कप खाली ठेवून म्हणाला, "मग घर गेलं. त्याचा आवाजच आला नाही."

मामी दारात उभी राहून ऐकत होती. ती आत आली, दादाच्या शेजारी बसली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. तिला त्याने कोंबडी आणल्याचं कुणी सांगितलं होतं की नाही कोण जाणे. तिने तिचं नावही काढलं नाही. एवढंच विचारलं, "पाटा-वरवंटा दिसला का रे कुटं? सासूबाईंचा व्हता." दादाने नकाराची मान हलवली. तेव्हा ती रडली.

नंतरचे कित्येक दिवस मी शाळेत मुलांना शिकवता शिकवता मध्येच थांबायचे. वर्गाच्या फरशीवर पाय टेकवताना मन आधी विचारायचं, खाली काही आहे ना. लोक म्हणत, तुमच्यामुळे मामी वाचल्या. मी हो म्हणायचे. पण मला आठवायचं ते वेगळंच. आम्ही त्या भेगेपाशी छत्र्या घेऊन उभे होतो. तिच्यापासून हाताच्या अंतरावर. तिथे उभं राहून मी पाणी कुठे जातं याचा विचार करत होते आणि दादा म्हणत होता, तुला तेच पाहिजे ना.

पाऊस संपल्यावर भूगर्भशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक ओळखीने जागा बघायला आले. त्यांनी कड्यावरची पांढरी माती बोटांत चोळून दाखवली. वरचा जांभा पाणी खाली सोडतो, ही माती ते पुढे जाऊ देत नाही, आणि मग वरचं सगळं हिच्यावरून घसरतं, असं त्यांनी समजावलं. मोठ्या झाडांची मुळं हे सगळं धरून होती, ती वादळानंतर कुजली. पायथ्याचा टेकू रस्त्याला गेला. मी त्यांना माझं चित्र दाखवलं. त्यांनी निळ्या रेघांवर बोट ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हे खणलं होतं?"

"नाही."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि कागद घडी करून परत दिला. तो वहीत घालून मी गाडीत जाऊन बसले.

त्या उतारावर आता आम्ही पाणी अडवत नाही, बाहेर काढतो. वरच्या बाजूने सड्याचं पाणी ओढ्याकडे वळवणारी एक दगडी मोरी बांधली. उघड्या मातीवर वाळा आणि बांबू लावलाय. दादाने खोल्यांचा विषय परत काढला नाही. गेल्या पावसाळ्यात आजूबाजूच्या गावांतून त्याला बोलावणी यायची, जरा येऊन आमची बाजू बघून जा म्हणून. मग तो धंदा सोडून नळी आणि सुतळी घेऊन जायचा. परत आल्यावर कुठे काय पाहिलं ते मला सांगायचा. कधी काही नसायचं. एकदा होतं.

मामी म्हसळ्याला रमली नाही. मुलीचं घर मोठं आहे, सगळे नीट वागवतात, पण सकाळी उठून करायचं काय, हा तिचा प्रश्न. खाचरांच्याही पलीकडे, चिखल पोचला नव्हता तिथे, आमचाच एक सपाट तुकडा आहे. डोंगरापासून लांब. तिथे दोन खोल्या बांधायचं ठरवलंय. मी आधी वर्षभर तो तुकडा बघणार, असं म्हटलं तर या वेळी दादा काही बोलला नाही.

मागच्या महिन्यात आम्ही तिघं तिथे उभे होतो. दादाने काठीने जमिनीवर घराचा आकार काढला आणि दार समुद्राच्या बाजूला दाखवलं, वारा येईल म्हणून.

"दार तिकडं नको," मामी म्हणाली. तिने डोंगराकडे हात केला. "हिकडं कर."

"रोज सकाळी तेच बघायचंय तुला?" दादाने विचारलं.

"व्हय. मला दिसलं पायजे तो काय करतो ते."

दादाने पायाने मातीतली रेघ पुसली आणि दुसऱ्या बाजूला ओढायला लागला. मामी त्याच्या मागे मागे फिरून सांगत होती की खिडकी कुठे हवी, आणि कोंबड्यांचा खुराडा वाऱ्याच्या आडोशाला घे.